छापील ईएमजी इलेक्ट्रोड टेबलावर ठीक, दंडावर गोंगाट: दोष नेमका कुठे शोधायचा

लक्षणं ठरलेली आहेत. चांदीच्या पेस्टने पातळ फिल्मवर ईएमजीचा, म्हणजे स्नायूचा विद्युत सिग्नल त्वचेवरून टिपणारा, इलेक्ट्रोड छापला, भाजला, मल्टिमीटरचं एक टोक चकतीवर (त्वचेला टेकणारा गोल भाग) आणि दुसरं शेपटीवर (केबलला जोडायचं टोक) टेकवलं, तर ४-५ ओहम. म्हणजे छपाई उत्तम. तोच इलेक्ट्रोड दंडावर लावला की पडद्यावर स्नायूच्या सिग्नलऐवजी मेन्सची (वायरिंगमधल्या ५० हर्ट्झ विजेची) जाड घरघर दिसते. पहिल्या वेळी चाललंच, तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कोपर दुमडताच रेषा उडी मारते आणि सावकाश खाली येते. मग शाई बदलली जाते, वर आणखी एक थर चढवला जातो, फिल्टर कडक केला जातो. नव्या पट्टीवर एक दिवस बरं जातं आणि पुन्हा तेच.

पुन्हा तेच होतं, कारण दोष बहुतेक वेळा शाईच्या वाहकतेत नसतोच. त्या ५ ओहमचे ५०० झाले तरी ईएमजीला फरक पडत नाही. त्वचेशी होणारा संपर्क मुळातच हजारो ओहमचा असतो: जेल असेल तर साधारण ५ ते ५० किलोओहम, कोरडा असेल तर शेकडो किलोओहम, कधी मेगाओहमच्याही वर. या आकड्यांपुढे शाईचे ५०० ओहम नगण्य आहेत. ईएमजी बिघडतो तो तीन गोष्टींनी: दोन चकत्यांच्या संपर्कातली तफावत, हलताना जुळणारा-तुटणारा जोड, आणि चांदी व त्वचा यांच्या सीमेवरचं अस्थिर डीसी व्होल्टेज. शोध या तिघांचा घ्यायचा.

तफावतीचा हिशेब एकदा हाताने करून बघा, म्हणजे तिचं वजन कळेल. खोलीतल्या वायरिंगमुळे शरीरावर १०० मिलिव्होल्टचं कॉमन मोड (दोन्ही इनपुटांवर सारखंच येणारं) व्होल्टेज सहज असतं. ॲम्प्लिफायरचा इनपुट इंपिडन्स (एसीला होणारा रोध) डेटाशीटमध्ये गिगाओहमचा असेल, पण १ मीटर केबलची धारिता साधारण १०० पिकोफॅरड असते आणि ५० हर्ट्झला ती ३२ मेगाओहमसारखी वागते. आता एका चकतीचा संपर्क दुसरीपेक्षा १०० किलोओहमने जास्त असला, तर १०० मिलिव्होल्टमधले सुमारे ०.३ मिलिव्होल्ट थेट दोन इनपुटांमधला फरक म्हणून आत शिरतात. पृष्ठभागावर मिळणारा स्नायूचा सिग्नल असतो काही दहा मायक्रोव्होल्टपासून काही मिलिव्होल्टपर्यंत. म्हणजे घरघर सिग्नलच्याच तोलाची झाली. ॲम्प्लिफायरचा सीएमआरआर (कॉमन मोड दाबण्याची क्षमता) १२० डेसिबल असला तरी इथे उपयोग नाही, कारण आत पोचेपर्यंत ती कॉमन मोड राहिलेलीच नसते.

५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (ठरावीक वारंवारता कापणारा) लावून हे झाकू नका. पृष्ठभागावरच्या ईएमजीची बरीचशी ऊर्जा ५० ते १५० हर्ट्झमध्येच असते. नॉच घरघरीबरोबर सिग्नलचाही लचका तोडतो, आणि तफावत तशीच राहिल्यामुळे हालचालीचा गोंगाट काही कमी होत नाही.

आधी दोष वेगळा काढा

उपकरणापासून सुरुवात करून एकेक पायरी त्वचेकडे जायचं. अंगावर काही जोडलेलं असताना सगळं बॅटरीवर चालवा. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा.

१. ॲम्प्लिफायरचे दोन्ही इनपुट आणि रेफरन्स (तुलनेसाठीच्या तिसऱ्या इलेक्ट्रोडची पिन) पिनांवरच एकत्र शॉर्ट करा. २० ते ४५० हर्ट्झच्या पट्ट्यात आरएमएस गोंगाट काही थोडे मायक्रोव्होल्ट यायला हवा. इथेच जास्त असेल तर इलेक्ट्रोडला हात लावू नका. दोष सर्किटचा किंवा पुरवठ्याचा आहे.

२. केबल जोडून तिच्या दूरच्या टोकाला तसंच शॉर्ट करा आणि केबल हलवा. रेषा उडाली तर केबल किंवा तिचा प्लग.

३. आता छापील पट्टी लावा. सगळ्या चकत्यांवर थोडं जेल पसरून त्यावर त्याच पेस्टने पूर्ण छापलेला एक तुकडा दाबा, म्हणजे चकत्या एकमेकींशी जोडल्या जातील. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा वापरू नका. वेगळा धातू जेलमध्ये आला की तो स्वतःचं व्होल्टेज निर्माण करतो आणि चाचणी फसते. मग शेपटी पेन्सिलीभोवती गुंडाळा, कनेक्टर दोन बोटांत धरून हळू पिळा. बरेचसे दोष याच पायरीवर सापडतात.

४. तिसरी पायरी स्वच्छ गेली, तर त्वचेवर त्याच जागी, त्याच केबलला बाजारातले तयार जेल इलेक्ट्रोड लावा. घरघर तरीही असेल तर रेफरन्सची जागा, त्वचेची तयारी किंवा आसपासच्या वायरिंगकडे बघा. घरघर गेली तर दोष छापील चकतीच्या पृष्ठभागात आहे.

त्वचेवर लावलेल्या इलेक्ट्रोडवर मल्टिमीटरची ओहम रेंज वापरायची नाही. ती डीसी प्रवाह सोडते, चकती ध्रुवित होते, आकडा सरकत राहतो आणि त्यातून काहीच कळत नाही. मोजणी एसीनेच करायची. एडीएस१२९९ सारखी ॲम्प्लिफायर चिप असेल तर तिच्यातच सोय आहे: लीड-ऑफ प्रवाह (इलेक्ट्रोडचा संपर्क तपासायला चिप सोडते तो) ६ नॅनोॲम्पिअर आणि वारंवारता ३१.२ हर्ट्झ ठेवली, तर १०० किलोओहमवर साधारण ०.६ मिलिव्होल्ट दिसतात. दोन्ही चकत्यांचे आकडे लिहून ठेवा. दोघी ८० किलोओहमवर असतील तर काम भागतं. एक १५ आणि दुसरी ११० वर असेल तर नाही. सरासरी कमी करण्याआधी तफावत कमी करा.

जोड: सगळ्यात जास्त दोष इथेच

छापील चांदीला सोल्डर लागत नाही. पेस्टमधला पॉलिमर जळतो आणि वितळलेलं कथील चांदी खाऊन टाकतं. लागल्यासारखं वाटलं तरी पहिल्या ओढीला चांदीसकट निघतं.

दुसरी चूक तांब्याच्या टेपची. टेपचा चिकट थर वाहक आहे की नाही हे न बघता ती शेपटीवर दाबली जाते. अवाहक गोंदाची टेपही सुरुवातीला काम करते, कारण कडेला तांबं चांदीला टेकलेलं असतं. घाम किंवा उष्णतेने गोंद जरा सरकला की संपर्क जातो. तपासायला सोपं आहे: टेपचा तुकडा चिकट बाजूने स्वच्छ धातूवर दाबा आणि वरच्या बाजूपासून धातूपर्यंत ओहम मोजा, कडेला स्पर्श होऊ न देता. वाहक टेपच घेतली तरी ती त्वचेपासून लांब आणि झाकलेली हवी. चांदी आणि तांबं यांच्यामध्ये घाम पोचला की तो छोटासा सेलच होतो. इनपुटवर सरकतं ऑफसेट येतं आणि तांब्यावर हिरवट कड दिसू लागते.

पीईटीवर (पॉलिएस्टरची ताठसर फिल्म) छापत असाल तर झिफ कनेक्टर (शेपटी जोर न लावता आत सारून वरून दाबून धरणारा) उत्तम. १ मिलिमीटर अंतराच्या साध्या एफएफसी (सपाट केबलच्या) झिफला शेपटीची एकूण जाडी ०.३ मिलिमीटर लागते. १२५ मायक्रॉनच्या पीईटीमागे १७५ ते १८८ मायक्रॉनची ताठ पट्टी चिकटवली की जाडी जुळते. ती नसेल तर शेपटी आत जाते, वाचन येतं आणि हात हलवला की तुटतं. झिफचे संपर्क दर वेळी चांदी खरवडतात, म्हणून शेपटीच्या टोकावर कार्बन पेस्टचा एक थर द्या. कार्बनमुळे काही दहा ओहम वाढतील, ते वाढू द्या.

टीपीयू (रबरासारखी ताणली जाणारी फिल्म) मऊ असल्यामुळे झिफमध्ये टिकत नाही. तिथे प्रेस बटण किंवा झेड-ॲक्सिस टेप (फक्त जाडीच्या दिशेने वीज नेणारी) घ्या. बटण नुसतं ठोकलं तर टीपीयू त्याच्याखाली हळूहळू दबून पातळ होतो आणि पकड सैल पडते. बटणाच्या कडेखाली वाहक इपॉक्सी भरा आणि तिच्या डब्यावर दिलेल्या वेळेपर्यंत ६० ते ८० अंशांवर पिकू द्या.

आता भिंग घेऊन बघण्यासारखी जागा. ताठ पट्टी जिथे संपते आणि मऊ शेपटी सुरू होते, त्या रेषेवर चांदीचा मार्ग आडवा बघा. केसासारखी गडद रेघ दिसेल, नेमकी पट्टीच्या कडेला समांतर. सरळ असताना तिच्या दोन्ही कडा टेकलेल्या असतात, म्हणून मल्टिमीटर ५ ओहम दाखवतो. शेपटी खाली वाकवली की फट उघडते. इथे सगळा वाक एकाच रेषेवर येतो. वरच्या संरक्षक थराची कडही त्याच रेषेवर संपत असेल तर भेग जवळजवळ ठरलेली. उपाय: संरक्षक थर ताठ पट्टीवर ३ मिलिमीटर चढू द्या, पट्टीचे कोपरे गोल कापा आणि त्या भागात मार्गाची रुंदी दुप्पट करा. पडलेल्या भेगेवर वरून पेस्ट लावली तर ती टिकत नाही, छापील पट्टीच बदला.

वाकवल्यावर मार्ग तुटतो

वाकताना पृष्ठभागावर येणारा ताण म्हणजे फिल्मची जाडी भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रॉनची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येवर वाकवली तर १.२५ टक्के, १ मिलिमीटरवर ६ टक्क्यांच्या वर. ५० मायक्रॉनची फिल्म ५ मिलिमीटरवर फक्त ०.५ टक्के. म्हणजे जाड फिल्म मजबूत वाटली तरी तिच्यावरची चांदी आधी फाटते. चांदीच्या वर त्याच जाडीची आणि त्याच प्रकारची दुसरी फिल्म बसवली तर चांदी मधल्या, जवळपास ताणरहित पातळीवर येते. एवढ्या स्वस्तात इतका फरक दुसरं काहीच पाडत नाही. चकतीची खिडकी तेवढी कापून ठेवा.

सांध्यावरून मार्ग नेणं टाळता येत नसेल तर टीपीयू घ्या आणि मार्ग नागमोडी काढा. थराची जाडीही बघा. विनाईलच्या स्टेन्सिलने ओला थर ६०-८० मायक्रॉनचा पडतो. तो पटकन वाळवला तर आटलेल्या तळ्याच्या चिखलासारखे तडे जातात. स्क्रीनने, प्रति सेंटिमीटर ७७ ते ९० धाग्यांच्या जाळीतून, वाळल्यावर साधारण १० मायक्रॉन मिळतात. मार्गासाठी तेवढे पुरे. लांब मार्ग स्क्वीजीच्या (पेस्ट ओढायच्या रबरी पट्टीच्या) ओढीच्या दिशेने ठेवा. आडव्या मार्गांच्या कडा दातेरी येतात.

पेस्ट कच्ची राहिली आहे का

कच्ची पेस्टही वीज नेते, म्हणून फसवते. आत सॉल्व्हंट अडकलेला थर पुढे घामाने आणि जेलने मऊ होतो, चकती खरवडली जाते, जेलमध्ये राखाडी कण दिसतात. दोन चाचण्या करा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला कापूस दहा वेळा हलक्या हाताने फिरवा. कापूस राखाडी झाला तर कच्ची. दुसरी जास्त खात्रीची: मार्गाचा रोध मोजा, आणखी १० मिनिटं भाजा, थंड झाल्यावर पुन्हा मोजा. रोध १० टक्क्यांहून जास्त उतरला तर आधीचं भाजणं अपुरं होतं. उतरायचा थांबेपर्यंत हे चक्र करा आणि जी वेळ निघेल तीच तुमच्या भट्टीची वेळ. भट्टीच्या चकरीवरच्या आकड्यावर विसंबू नका, आत थर्मोकपल ठेवून बघा. छोट्या ओव्हनमध्ये २० अंशांचा फरक नेहमीचा आहे.

अंदाज म्हणून: १०० मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर रुंद मार्ग म्हणजे १०० चौकोन. चांगल्या भाजलेल्या १० मायक्रॉन थराचा रोध प्रति चौकोन ०.०५ ओहमच्या आसपास धरला तर ५ ओहम. ५० आले तर भाजणं किंवा जाडी तपासा. ५०० चालतात असं वर म्हटलंय ते सिग्नलपुरतं. ताज्या छपाईत दहापट रोध हे कच्चेपणाचं लक्षण आहे आणि कच्ची चांदी टिकत नाही.

थेट १२० अंशांवर टाकलं तर वर साय धरते आणि सॉल्व्हंट खाली कोंडतो. आधी ६०-७० अंशांवर १० मिनिटं, मग पेस्टच्या पत्रकातल्या तापमानावर. पीईटी या उष्णतेत आकसतं, म्हणून कोरी फिल्म छपाईआधी १२० अंशांवर अर्धा तास भाजून घ्या. नाहीतर दुसरा थर पहिल्यावर बसत नाही. टीपीयू ८०-९० अंशांच्या वर सहसा नेऊ नका, रिलीज पेपरवर ठेवा आणि कमी तापमानात पिकणारी पेस्ट निवडून वेळ वाढवा.

पेस्ट सोलून निघत असेल तर बोटांचा तेलकटपणा किंवा फिल्मची उलटी बाजू. पाण्याचा थेंब टाका: पसरला तर छपाईची बाजू, गोळा होऊन राहिला तर दुसरी.

चकतीचा पृष्ठभाग

नुसती चांदी त्वचेवर ध्रुवित होते आणि तिचं डीसी व्होल्टेज प्रत्येक हालचालीला सरकतं. चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा थर असेल तर ते स्थिरावतं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडची पेस्ट मिळत असेल तर चकतीवर तीच छापा. नसेल तर हे करा:

१ लिटर डिस्टिल्ड पाण्यात आयोडीन नसलेलं ९ ग्रॅम मीठ. चकती सोडून सगळा मार्ग टेपने झाका. १० मिलिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ ०.७८ चौरस सेंटिमीटर, म्हणून सुमारे ०.८ मिलिॲम्पिअर प्रवाह हवा. ९ व्होल्टची बॅटरी आणि मालिकेत १० किलोओहमचा रोधक पुरतो. बॅटरीचं धन टोक चकतीला, ऋण टोक पेन्सिलीतल्या शिसाला. शिसावर बारीक बुडबुडे यायला हवेत. ते चकतीवर आले तर तारा उलट्या लागल्या आहेत. चकतीचा रंग पांढऱ्या चांदीवरून राखाडी, मग जांभळट तपकिरी होतो. या प्रवाहाने मिनिटाला साधारण ०.१६ मायक्रॉन क्लोराइड बसतं, तेव्हा २ ते ३ मिनिटं पुरे. जास्त वेळ ठेवून थर जाड केला तर तो ठिसूळ होतो आणि इंपिडन्सही वाढतो.

जोडीतल्या दोन्ही चकत्या एकत्र क्लोराइड करा. एक क्लोराइड आणि दुसरी नुसती चांदी, अशी जोडी दोन नुसत्या चांद्यांपेक्षा वाईट. धुऊन झाल्यावर दोघींना शॉर्ट करून त्याच मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, म्हणजे त्यांची व्होल्टेजं एकमेकींशी जुळतात.

ब्लीचमध्ये बुडवण्याचा मार्ग जाड पेस्टवर चालतो, पण नियंत्रण कमी. अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने काढून रंग बघा, आणि ब्लीचजवळ कुठलंही आम्ल येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

मग दोन चकत्या मध्ये जेल घेऊन समोरासमोर दाबा. १ मिनिटानंतर डीसी फरक १० मिलिव्होल्टच्या आत असला पाहिजे. एकदाच वापरायच्या ईसीजी इलेक्ट्रोडांसाठीच्या ईसी१२ या अमेरिकी मानकात ही मर्यादा १०० मिलिव्होल्ट आहे, आणि १० हर्ट्झला जोड्यांचा सरासरी इंपिडन्स २ किलोओहमपर्यंत, एकट्या जोडीचा ३ किलोओहमपर्यंत. छापील चकतीने दुसरी अट पाळली तर ती पृष्ठभागाच्या बाबतीत बाजारातल्या इलेक्ट्रोडच्या बरोबरीची आहे. पहिल्या अटीला मात्र १० मिलिव्होल्टचंच कडक माप ठेवा. ऑफसेट मोठं असेल तर ॲम्प्लिफायर टोकाला जाऊन रेषा सपाट होते: एडीएस१२९९ ची मर्यादा ४.५ व्होल्ट रेफरन्स आणि २४ पट वाढीवर (गेन) फक्त १८७.५ मिलिव्होल्ट आहे. कोरड्या चकत्यांसाठी वाढ १२ किंवा ६ ठेवा.

त्वचेवर

चकतीची लांबी स्नायूतंतूंच्या दिशेने १० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि दोन चकत्यांच्या केंद्रांमध्ये २० मिलिमीटर. सेनियाम या युरोपीय प्रकल्पाची शिफारस हीच आहे. केस काढा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. रेफरन्स मनगटासारख्या हाडाच्या जागी, आणि तोही चांगल्या संपर्काचा; रेफरन्सला उरलेली जुनी चकती लावली की घरघर सगळ्या चॅनलांवर सारखीच येते. कोरड्या इलेक्ट्रोडला लावल्या लावल्या नावं ठेवू नका. खाली थोडा घाम जमायला ५ ते १० मिनिटं लागतात, तोपर्यंत इंपिडन्स उतरतच असतो.

उलटं लक्षणही ओळखून ठेवा: घरघर नाही, गोंगाट नाही, पण सिग्नलही खुजा. असं झालं तर दोन चकत्यांमध्ये जेल किंवा घाम पसरून पूल झाला आहे. इलेक्ट्रोड काढा, मधला भाग कोरडा पुसा, जेल चकतीच्या कडेपासून १ मिलिमीटर आत ठेवा. हायड्रोजेल वापरत असाल तर ते काही तासांत सुकतं, कडा आधी उचलल्या जातात आणि दोन चकत्या वेगवेगळ्या वेगाने सुकल्याने तफावत परत येते. सकाळी ठीक आणि दुपारी घरघर, असं असेल तर चांदीकडे बघू नका, जेल बदला.

इंकजेटने छापत असाल तर

चांदीच्या नॅनोकणांची पाण्यातली शाई साध्या चकचकीत पीईटीवर वाहक होत नाही. तिला सच्छिद्र लेप असलेली खास फिल्म लागते. कणांभोवतीचं आवरण तो लेप काढतो आणि कण खोलीच्या तापमानालाच एकमेकांना चिकटतात. उलट बाजूवर छापलं तर शाई पुसली जाते. थर मायक्रॉनपेक्षा पातळ असतो, म्हणून क्लोराइड करताना वेळ सेकंदांत मोजा आणि घट्ट वाक टाळा. एखादं नोझल चोंदलं की प्रिंटहेडच्या प्रवासाच्या दिशेने बारीक कोरी रेघ राहते. लांब मार्ग कागदाच्या सरकण्याच्या दिशेने असतील तर ती रेघ प्रत्येकाला आडवी कापते. हेडच्या दिशेने असतील तर एखादाच मार्ग बारीक होतो. चित्र ९० अंशांत फिरवून छापा, आणि प्रत्येक पट्टी खिडकीसमोर धरून बघा.

छापून ठेवलेल्या पट्ट्या काळ्या पडत असतील तर ते सल्फाइड आहे. त्यांना रबर बँड लावू नका, रबरात गंधक असतं. सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा, क्लोराइड केलेल्या उजेडापासून लांब, आणि वापरण्याआधी तिसरी पायरी, म्हणजे शेपटी पेन्सिलीभोवती गुंडाळून बघणं, प्रत्येक पट्टीवर पुन्हा करा.